गोव्यातला पाऊस ताडताना ढग, उपग्रहचित्र आणि मॉडेल कसे वाचावे

मे महिन्यात एखाद्या संध्याकाळी उपग्रहाच्या इन्फ्रारेड चित्रात सगळा गोवा पांढराशुभ्र दिसतो आणि पणजीत चार थेंबही पडत नाहीत. जुलैत त्याच चित्रात किनाऱ्यावर नुसता राखाडी पट्टा असतो आणि घाटाच्या पायथ्याच्या वाळपईत पावसाने झोड उठवलेली असते. चित्र चुकलेले नसते. ते पाऊस दाखवतच नाही. ढगाच्या माथ्याचे तापमान दाखवते. माथा जितका थंड, म्हणजे उंच, तितका तो पांढरा.

उपग्रहावरून पाऊस मोजण्याची जुनी ढोबळ रीत अशी, की माथा उणे 38 अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल तर खाली पाऊस आहे असे धरायचे. गडगडाटी वादळांना ती बऱ्यापैकी लागू पडते, पण पावसाळ्यात आपल्याकडे फसते. अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा सह्याद्रीला अडून वर चढतो. शून्य अंशाची पातळी, म्हणजे जिच्या वर पाणी गोठू शकते ती उंची, पाच-साडेपाच किलोमीटरवर असते. ती गाठण्याआधीच पुष्कळदा थेंबावर थेंब आदळून मोठे होतात आणि कोसळतात. बर्फाची गरजच पडत नाही, म्हणून माथा उबदार राहतो.

तेव्हा दिवसा इन्फ्रारेड आणि दृश्य प्रकाशातले, अशी इन्सॅट या भारतीय उपग्रहांची दोन्ही चित्रे शेजारी शेजारी उघडा. ढग दोन्हींत पांढरा असेल तर तो जाड आणि उंच, बहुधा क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी वादळाचा ढग. दृश्य चित्रात पांढरा पण इन्फ्रारेडमध्ये राखाडी, तर खालचा ढग. पावसाळ्यात याला हलके लेखू नका. इन्फ्रारेडमध्ये पांढरा आणि दृश्य चित्रात विरळ, तर सिरस, म्हणजे उंचावरचा बर्फकणांचा पातळ ढग. त्यातून पडलेले जमिनीपर्यंत पोचत नाही. मे महिन्यातला पांढरा गोवा बहुतेक वेळा याच जातीचा. घाटमाथ्यावरच्या वादळाचा पसरलेला माथा वरच्या पूर्वेकडच्या वाऱ्याने किनाऱ्यावर आलेला असतो. चित्रावरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर साडेपाच तास मिळवा, नाहीतर दुपारी साडेतीनचा ढग सकाळी दहाचा समजाल.

ढगाचा तळ किती उंच आहे हे घरबसल्या काढता येते. तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवा थंड झाली की दव पडू लागते तो) वजा करा आणि 125 ने गुणा. उत्तर मीटरमध्ये येते. तापमान 33 अंश, दवबिंदू 25 असेल तर तळ 1,000 मीटरवर. जुलैत 27 आणि 25 असेल तर 250 मीटर, म्हणजे चोर्ला घाट ढगात बुडालेला. हे गणित जमिनीलगतच्या हवेतून उठणाऱ्या क्युम्युलसचे, म्हणजे ढिगासारख्या ढगांचे आहे, उंचावरच्या थरांना लावू नका.

मेच्या दुपारी सत्तरी-सांगेच्या बाजूला ढग चढू लागला की त्याचे डोके बघत राहा. कडा फुलकोबीसारख्या ठळक आहेत तोवर वर बहुतांशी पाणीच आहे. त्या पुसट, तंतुमय झाल्या की माथ्यात बर्फ झाला, आणि आता विजेचा धोका धरून चाला. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद तीनने भागा, तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर शेतातून, किनाऱ्यावरून पक्क्या घरात जा.

पुढच्या तास-दोन तासांसाठी रडारच बघावे. 40 डीबीझेडच्या (परतलेल्या रडार लहरींच्या जोराचे माप) वरचा ठिपका म्हणजे जोराची सर. पण किरण दूर जाताना जमिनीपासून उंच होत जातो. अर्ध्या अंशावर सोडलेला किरण 100 किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर उंच असतो, त्यामुळे दूरच्या बुटक्या ढगांतला पाऊस त्याच्याखालून निसटतो.

आता मॉडेल, म्हणजे संगणकावर गणित करून हवामानाचा अंदाज काढणारी प्रणाली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विकसित केलेली, मे 2025 मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम 6 किलोमीटरच्या चौकटींवर चालते. त्याआधीचे जीएफएस हे मॉडेल 12 किलोमीटरवर. साधा क्युम्युलस किलोमीटरभराचाही नसतो. असे ढग मॉडेलला दिसत नाहीत. चौकटीतली आर्द्रता आणि तापमान पाहून ते त्यांचा एकत्रित परिणाम ठरवते. मोठ्या चौकटींच्या मॉडेलांतल्या दोन नेहमीच्या चुका इथूनच येतात: दुपारचा पाऊस खऱ्यापेक्षा लवकर सुरू होतो आणि रिमझिम फार मोठ्या भागावर पसरते. चौकटीत सह्याद्रीचे कडेही सपाट होतात, म्हणून घाटाच्या पायथ्याचा पाऊस कमी दिसतो किंवा भलतीकडे सरकतो.

म्हणून पावसाळ्यात आपल्या तालुक्याचा मिलिमीटरचा आकडा शेवटी बघा. आधी 850 हेक्टोपास्कल हवेच्या दाबाच्या पातळीवरचा, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा वारा बघा: पश्चिमेचा आहे का, जोर वाढतोय का. मग किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा आहे का ते पाहा. हे दोन्ही जमले आणि मॉडेलच्या लागोपाठच्या दोन-तीन रन, म्हणजे नव्याने काढलेले अंदाज, एकच सांगत असल्या, तर चित्र राखाडी असले तरी मुसळधार धरून चाला.

पडताळा घेताना हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो हे लक्षात ठेवा. काल संध्याकाळची सर आजच्या नोंदीत येते. या 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार. घरी मोजायचे तर सरळ उभ्या कडांचे भांडे घ्या, आणि भिंत किंवा माड जितका उंच त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवा. माडाखाली ठेवले तर झावळ्या काही पाऊस अडवतात आणि काही भलताच आत ओततात.