वरच्या मजल्यावर मेश वाय-फाय लावताय? आधी इन्व्हर्टरचा पॉइंट पाहा

मेश (एकमेकांकडून वाय-फाय पुढे नेणाऱ्या डब्यांचा संच, एक डबा म्हणजे एक नोड) घ्यायचं पक्कं झालं असेल तर ऑफर-बिफर नंतर पाहा राजेहो, आधी घरातले बोर्ड पाहा. जिथे नोड ठेवायचाय तिथला प्लग इन्व्हर्टरवर आहे का? बाकी सगळं नंतर हलवता-बदलता येतं, हे मात्र वायरमन परत आल्याशिवाय होत नाही, आणि आपल्याकडचा वायरमन एकदा पैसे घेऊन गेला की पोळ्याला येईल का दिवाळीला, त्याचं त्यालाच माहीत नसतं. मागच्या वेळी मी स्पीड पाहिला, रिव्ह्यू वाचले, दिसायला कोणता बरा तेही पाहिलं, अन् हेच राहून गेलं. खाली फायबरचं मशीन इन्व्हर्टरवर, सगळ्यात वरचा नोडही इन्व्हर्टरवर, मधला तेवढा साध्या लाईनवर. लाईन गेली की मधला बंद, अन् वरचा त्याच्याच भरवशावर असल्यामुळे तोही कामातून गेला, दिवा जळत असला तरी. खाली बाबा आरामात कापसाचे भाव पाहताहेत अन् वर पुतणीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू नुसता गोल गोल फिरतोय.

तर पहिलं काम: घरचा मेन बंद करा, मोबाईलचा चार्जर हातात घ्या अन् सगळ्या मजल्यांवर हिंडा. ज्या प्लगवर चार्जिंग होतं त्या बोर्डावर पेन्सिलनं खूण करा. बहुतेक घरांत इन्व्हर्टरची वायर पंख्याला, लाईटला अन् फार तर खोलीतल्या एखाद्या प्लगला दिलेली असते. जिन्यात अन् पॅसेजमध्ये, म्हणजे नोडसाठी सगळ्यात चांगल्या जागी, एक तर प्लगच नसतो नाही तर असून साध्या लाईनवर असतो. वायरमन म्हणेल लोड वाढते भाऊ. काही वाढत नाही. एक नोड साधारण ८ ते १२ वॅट खातो, तीन नोड मिळून जुन्या ७५ वॅटच्या पंख्याच्या निम्मे होतात. १५० एएचच्या बॅटरीला ते जाणवतही नाही, तेव्हा त्याचं ऐकू नका, पॉइंट काढून घ्या.

आता एक वार्निंग, ही नीट वाचा. वरच्या मजल्यावर भाऊ वेगळा राहत असेल अन् त्याचं मीटर वेगळं असेल तर खालच्या इन्व्हर्टरची वायर वर ओढून तिथल्या न्यूट्रलला जोडू नका. दोन मीटरचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले की आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारं स्विच) असलेल्या घरात तो दर वेळी पडतो, अन् नसलेल्या घरात काय होतं ते न पाहिलेलंच बरं. अशा घरात फेज-न्यूट्रल दोन्ही खालूनच स्वतंत्र न्यायचे, किंवा सरळ मिनी यूपीएस घ्यायचा. मिनी यूपीएस म्हणजे नोडला पुरेल एवढी छोटी बॅटरीची डबी. घेताना नोडच्या अॅडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा, १२ व्होल्ट आहे का ९, किती अँपिअर, पिन कोणती. बहुतेक १२ व्होल्टचे असतात पण "बहुतेक" वर डबी मागवू नका.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो पण पैसे जास्त लागतात: पीओई. म्हणजे लॅनच्या वायरमधूनच नोडला करंटही जातो. खाली इन्व्हर्टरवर एक पीओई स्विच ठेवला की वर प्लग पाहायचीच गरज नाही. पण साधे मेश नोड पीओई घेत नाहीत, त्यासाठी तसंच मॉडेल पाहावं लागतं, उदाहरणार्थ टीपी-लिंकच्या डेको एक्स५० चं पीओईवालं, नाही तर छताला लावायचे अॅक्सेस पॉइंट (नुसतं वाय-फाय देणारे डबे).

अन् इन्व्हर्टरवर आहे म्हणून निवांतही बसू नका. लाईन गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात काही नोड रिस्टार्ट होतात, मग दोन-तीन मिनिटं नेट नाही. इन्व्हर्टरवर यूपीएस अन् नॉर्मल (कुठे ईको लिहिलं असतं) असं बारकं स्विच असतं, ते यूपीएसवर टाका. मात्र तुमच्याकडे संध्याकाळी लाईन डीम राहत असेल तर यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर लाईन असतानाही बॅटरीवर जातो अन् ऐन अंधारात बॅटरी बसते. तिथे नॉर्मलवरच ठेवा अन् नोडला मिनी यूपीएस लावा. गावठाण फीडरवरच्या घराला एवढं पुरतं. घर शेतात असेल अन् लाईन शेतीच्या फीडरवरची असेल तर तासन्‌तास लाईन नसते, तिथे आधी बॅटरीचा हिशेब, मग मेशचा विचार.

बरं, आता भिंती. स्लॅबमध्ये लोखंडाची जाळी असते, त्यातून ५ गीगाहर्ट्झचा सिग्नल लय मार खातो, २.४ चा थोडा कमी. जुनं घर पांढऱ्या मातीचं असेल, दीड-दोन फुटाच्या भिंती असतील, तर आडवंही तेच. अन् वर टिनं असतील तर टिनाच्या पलीकडे काही जात नाही असंच समजा. म्हणून नोड जिन्याजवळ ठेवायचे, कारण स्लॅबला भोक असलेली घरातली तेवढी एकच जागा. जिथे नेट येत नाही तिथे नोड ठेवू नका, सगळे हेच करतात. सिग्नल जिथे अजून बरा आहे तिथे नोड ठेवायचा, तो पुढे नेतो. मोबाईलमध्ये वाय-फाय अॅनालायझर टाका अन् चालत पाहा, सिग्नलचा आकडा (डीबीएम) उणे ६५ च्या आसपास असेल तर जागा चांगली, उणे ७५ च्या खाली गेलं तर मागे या. जागा सापडली? बोर्डावर पेन्सिलची खूण आहे का पाहा. नसेल तर जागा सापडलेली नाही.

कूलर विसरू नका. हे पुण्या-मुंबईचे लोक सांगणार नाहीत. हिवाळ्यात मस्त चाललेलं नेट मार्च-एप्रिलमध्ये वरच्या बेडरूममध्ये रडायला लागतं, काहून? कारण खिडकीत लोखंडी बॉडीचा, पोटभर पाण्याचा, ओल्या वूडवूलचा कूलर येऊन बसलेला असतो अन् नोड बरोबर त्याच्या मागे. लोखंड सिग्नल अडवतं, पाणी शोषून घेतं. जागा ठरवतानाच कूलर कुठे येतो ते धरा. तसंच गर्मीचं. बहुतेक नोडच्या कागदावर ४० डिग्रीपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, अन् आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, जिन्याच्या टॉवरमध्ये तर विचारूच नका. टिनाखाली, टॉवरमध्ये, बंद कपाटात नोड नको. हँग होईल अन् तुम्ही कंपनीला शिव्या द्याल.

केबल. घर बांधणं चालू असेल किंवा प्लास्टर व्हायचं असेल तर प्रत्येक मजल्यावर कॅट६ टाकूनच घ्या, चर्चाच नको. साधा ड्युअल बँडचा (२.४ अन् ५ असे दोनच रेडिओ असलेला) नोड त्याच रेडिओवर तुमच्या मोबाईलशी बोलतो अन् त्याच रेडिओवर खालच्या नोडशी, त्यामुळे एकेका उडीला स्पीड साधारण निम्म्यावर येतो. वायर असली की हा प्रश्नच मिटतो, १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात जातं. वायर शुद्ध तांब्याची मागा, सीसीए म्हणजे वरून तांब्याचा मुलामा अन् आत अॅल्युमिनिअम, पीओईला तर ती अजिबात नको. लाईटच्या पाइपातून लॅनची वायर ओढू देऊ नका, वेगळा पाइप. पाइप म्हणजे पाइपच, उघडी वायर उंदीर कुरतडतात, अन् गच्चीवरून नेली तर वांदरं झोके घेतात, माझं नाही गावातल्या कोणाचंही केबल कनेक्शन विचारा. त्याच पाइपाजवळ इन्व्हर्टरचा पॉइंटही काढून घ्या, परत सांगतो, झिरी एकदाच पाडायची असते.

गोठ्यात किंवा मागच्या घरात नेट न्यायचं असेल तर तांब्याची वायर उघड्यावरून नेऊ नका. जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या की त्या वायरमधून झटका येऊन दोन्हीकडचे पोर्ट जळतात. फायबर टाका, दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर अन् लॅनची वायर जोडणाऱ्या डब्या). अन् हो, त्या टोकाच्या कन्व्हर्टरलाही करंट लागतो, तोही कुठून येणार ते आधी ठरवा, तुम्हाला कळलंच असेल मी काय म्हणतोय.

घ्यायचं काय ते आता थोडक्यात, कारण यावर सगळे लिहितातच. एका मजल्याला एक नोड, मोठं घर असेल तर जास्त, उगाच पाच घेऊ नका. सगळे नोड एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच सिरीजचे. वायर टाकलीच असेल तर साधा ड्युअल बँड पुरे, वायर शक्यच नसेल तरच ट्रायबँडचे (नोडनोडांच्या बोलण्याला तिसरा रेडिओ असलेल्याचे) पैसे द्या. वाय-फाय ६ घ्या. लॅनचे पोर्ट गिगाबिट आहेत का पाहा: डेकोच्या ई४ ला १०० एमबीपीएसचेच पोर्ट आहेत अन् एम४ ला गिगाबिटचे, फोटोत दोघं भाऊ-भाऊ दिसतात. प्लॅन १०० च्या वरचा असेल तर हा फरक दिसतो. रिपीटर (सिग्नल नुसता पुढे फेकणारा सुटा डबा) स्वस्त पडतो पण वर-खाली करताना मोबाईल जुन्याच सिग्नलला चिकटून बसतो, एका खोलीपुरता असेल तरच घ्या.

घरात मोबाईलला रेंज नसेल, अन् गावात बऱ्याच घरांत जाड भिंतीमुळे नसतेच, तर मोबाईलमध्ये वाय-फाय कॉलिंग (साधा कॉल वाय-फायवरून) चालू करा. मग नोड बंद पडला की नुसतं नेट जात नाही, माणूस फोनवरच लागत नाही. आई-बाबा वरच्या मजल्यावर झोपत असतील तर त्या मजल्याचा नोड इन्व्हर्टरवर पाहिजे म्हणजे पाहिजेच.

सेटिंग: फायबरच्या मशीनचं स्वतःचं वाय-फाय बंद करा, मेश अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, नाही तर नेटवाल्याला मशीन ब्रिज (म्हणजे नेट नुसतं पुढे देणारं) करायला लावून पीपीपीओईचा (नेटच्या लॉगिनचा) युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या, देताना कटकट करतात पण घ्या. बहुतेक कॅमेरे अन् स्मार्ट प्लग २.४ वरच चालतात, तो बँड बंद करू नका. जुने मोबाईल अडकत असतील तर फास्ट रोमिंग (एका नोडवरून दुसऱ्यावर झटकन जायची सोय) बंद. अॅडमिनचा पासवर्ड बदला. नोडवर मजल्याचं नाव चिकटवा.

सगळं लावून झालं की वायरमन घरात असतानाच मेन बंद करा अन् सगळ्यात वरच्या खोलीत जाऊन व्हिडिओ कॉल लावा. तुटला तर पैसे द्यायचे थांबवा. रिटर्नची मुदत संपेपर्यंत खोके फेकू नका, बिल वॉरंटीसाठी जपून ठेवा, कूलर खिडकीत बसले की एकदा जागा परत तपासा, बस.