ग्रेनेडीन्समध्ये रात्री नांगर कोठे टाकावा
कॅरिबियन समुद्रातील या बेटांवर व्यापारी वारे बहुधा पूर्वेकडून वाहत असल्याने मुक्कामासाठी प्रथम बेटाच्या पश्चिमेकडील आडोसा पाहावा. बेक्विया बेटाचा ॲडमिरल्टी उपसागर असाच आहे. मात्र हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधील दूरच्या वादळांच्या लाटा बेटाला वळसा घालून आडोशातही शिरतात आणि वारा मंद असूनही नौका रात्रभर डोलत राहते, म्हणून हवामान अंदाजात वाऱ्याइतकीच लाटांची दिशा आणि उंचीही तपासावी. टोबॅगो केज या छोट्या बेटांच्या समूहात वारा थेट लागतो, परंतु प्रवाळभित्ती लाटा अडवते. सूर्य उंच असतानाच पोहोचावे, कारण फिकट वाळू आणि तपकिरी प्रवाळ तेव्हाच स्पष्ट ओळखू येतात. प्रवाळावर नांगर कदापि टाकू नये; वाळूच शोधावी, आणि नाळेपासून (नौकेच्या पुढच्या टोकापासून) समुद्रतळापर्यंतच्या अंतराच्या किमान 5 पट साखळी सोडावी.