वाचलात ना? आता पुढचं बघू

"देवानं तुला उगाच नाही वाचवलं, काहीतरी मोठं करून घ्यायचं असेल त्याला." मोठ्या अपघातातून उठलेल्या माणसाला भेटायला येणारा दर दुसरा पाहुणा हे ऐकवून जातो. सुरुवातीचे काही महिने यावर अजिबात विचार करू नका. मान हलवा, चहा विचारा, विषय बदला. मांडीत रॉड, कमरेखाली बेडपॅन आणि त्यात जन्माचं प्रयोजन, एवढं एका वेळी झेपत नाही.

मी कराडात पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करतो. बॅग, मशीन आणि मोटारसायकल, यावरच संसार चालायचा. मलकापूरजवळ हायवेला टेम्पोनं मागून उडवलं. उजव्या मांडीचं हाड गेलं, बरगड्या गेल्या. तेव्हापासून शिकलो ते लिहितोय. डॉक्टरांचं ते डॉक्टरांनाच विचारा.

आधी शरीर. फिजिओ गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबून धरायला सांगतात. कंटाळवाणं काम आहे, पण गेल्या आठवड्यापेक्षा आज बरं आहे हे डोळ्यांना दिसतं ते इथंच. गुडघा किती वाकला ते वहीत लिहा. मन किती बदललं याचा हिशोब ठेवू नका. पायावर किती भार द्यायचा हे मात्र एक्स-रे बघून डॉक्टर ठरवतील, शेजारचे काका नव्हे.

मग भीती. मागून हॉर्न वाजला की पोटात गोळा, झोपेत तोच आवाज, डोळ्यांसमोर तीच लाईट. सुरुवातीच्या आठवड्यांत हे बहुतेकांना होतं. महिना उलटूनही जात नसेल, किंवा तुम्ही रस्ताच टाळायला लागला असाल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ते लांब किंवा महाग वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मी ज्या बाईंकडे जायचो त्यांनी अमेरिकेतल्या टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांचं सांगितलं. मोठ्या आघातानंतर माणसात चांगले बदलही होतात, यावर त्यांनी अभ्यास केला. १९९६ मध्ये असे बदल मोजायची प्रश्नावलीही काढली. बाई म्हणाल्या, "पण त्रास संपला की मग बदल, असं नसतं. दोन्ही बरोबरच चालतं." मला हे ऐकून फार सुटल्यासारखं झालं. म्हणजे रात्री दचकून उठणारा माणूससुद्धा सकाळी शहाणा असू शकतो.

आता मुख्य काम. घरात हिंडता येऊ लागलं की एक कागद घ्या, मध्ये रेघ मारा. डावीकडे 'परत पाहिजे', उजवीकडे 'राहिलं तरी चालेल'. अपघातानं तुमचं सगळं एकदम काढून घेतलेलं असतं, तेव्हा परत घेताना निवडून घ्यायची संधी आहे. एका बैठकीत कागद भरत नाही. उशाखाली ठेवा, सुचेल तसं लिहा. आणि घरच्यांकडून त्यांचा वेगळा कागद भरून घ्या, तुमचा न दाखवता. माझ्या डावीकडे पहिलं नाव होतं मोटारसायकल. बायकोच्या कागदावर मोटारसायकल उजवीकडे होती, त्याखाली 'जेवताना फोन'.

मी पडून होतो तेव्हा पिग्मीची फेरी बायकोनं चालवली. संध्याकाळी येऊन ती सांगायची, अमक्या किराणावाल्याची मुलगी नर्सिंगला लागली, तमका उसने आणून पिग्मी भरतोय. त्या लोकांचे खातेनंबर मला वर्षानुवर्षं पाठ होते, यातलं काहीच माहीत नव्हतं. दुकानाच्या पायरीवर गाडी चालू ठेवूनच मी पावती फाडायचो. आता काठी घेऊन पेठेतली दुकानं पायी करतो, लांबची गिऱ्हाईकं तिच्याकडे. कमिशन कमी झालं, ते झालंच. पण पायी जाणाऱ्याला लोक बसायला स्टूल देतात, आणि बसलं की बोलणं होतं.

'नवी दृष्टी' आली म्हणून नोकरी सोडा असं कोणी सुचवलं, तर त्याला आधी तुमचे हप्ते दाखवा. पैशाचं काम मन शांत व्हायची वाट बघत नाही. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड आणि सगळी बिलं एका फाईलमध्ये घालून वकील लवकर गाठा. ही फाईल घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या. रोज तीच चाळत बसलात तर अपघात रोज होतो.

ज्यानं उचलून दवाखान्यात नेलं त्याला शोधावंसं वाटेल. मलाही वाटलं. तो नाव न सांगता गेला होता, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा मदत करणाऱ्याला तो हक्क देतो. पोलिसांच्या मागे लागून त्याला खणून काढू नका. त्यापेक्षा प्रथमोपचार शिकून घ्या, १०८ चा नंबर पोरांना पाठ करायला लावा.

अपघाताच्या जागेवर एकदा जाऊन या, पण चालायचा सराव झाल्यावर. मी प्रीतिसंगमाच्या बागेत काठीनं फेऱ्या मारल्या, मगच गेलो. दिवसाउजेडी, कोणाच्या तरी चारचाकीतून, सोबत कमी बोलणारा माणूस घेऊन. तिथं काही साक्षात्कार होत नाही. रस्ता असतो, गाड्या जात असतात. जवळच्या टपरीवर चहा घेऊन परत या. हात थरथरले तर पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

वर्ष झालं की घरचे सत्यनारायण घालायचं काढतील. घालू द्या, वर्षभर घाबरलेले तेही आहेत. प्रसादाचा शिरा खा, खाली मांडी घालून बसायचा हट्ट करू नका, खुर्ची मागून घ्या.