नीटचा रिपीटर होस्टेलवर असताना घरच्यांनी काय करावं

नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, पुन्हा देण्यासाठी बारावीनंतर वर्षभराचा गॅप घेऊन लातूरला किंवा पुण्याला राहिलेल्या मुलाचं जग क्लास, मेस, अभ्यासिका आणि टेस्ट एवढंच उरतं. बरोबरीची मुलं कुठे ना कुठे फर्स्ट इयरला गेलेली असतात आणि इन्स्टावर फ्रेशर्स पार्टीचे फोटो टाकत असतात. अशात घरून येणारा रोजचा फोन एक तर आधार होतो, नाहीतर दिवसातली आणखी एक टेस्ट. पेपर सोपा करणं तुमच्या हातात नाही, फोन आहे. म्हणून सुरुवात तिथून करा.

फोनवर काय बोलायचं

बऱ्याच क्लासचा मार्कांचा मेसेज थेट पालकांच्या व्हॉट्सॲपवर येतो. तो आला की लगेच फोन लावू नका. टेस्टनंतरचे २४ तास मार्कांचा विषय काढायचा नाही. त्या रात्री पाच मिनिटं बोला: मेसला काय होतं, डोकं दुखतंय का, काल किती वाजता झोपलास. मार्क त्यानं आपणहून सांगितले तर ऐकून घ्या, सल्ला देऊ नका.

अभ्यासाबद्दल बोलायला आठवड्यातला एक वार ठरवा. २० मिनिटं पुरेत, आणि घरातल्या एकाच माणसानं बोलायचं. आई, बाबा, मामा आणि आजोबा असे चौघं एकच प्रश्न विचारतात, तेव्हा प्रत्येकाची काळजी खरी असते. पण मुलाला एका टेस्टचा हिशोब चारदा द्यावा लागतो. ‘किती पडले?’ऐवजी ‘कुठल्या धड्यात अडलं?’ विचारा. रूममेटचे मार्क तर विचारूच नका.

पैशांबद्दल एकदाच नीट सांगा: फी भरली आहे, ती कशी भरली ते आमचं आम्ही बघू. ‘तू पैशाची काळजी करू नकोस’ हे वाक्य दर फोनला म्हटलं की मुलाला त्यातला फक्त ‘पैसा’ ऐकू येतो.

मार्क कसे वाचायचे

बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला वजा १. म्हणजे बरोबर येणारा एक प्रश्न चुकला की ५ गुणांचा फरक पडतो. मागच्या टेस्टपेक्षा ४० गुण कमी आले म्हणजे १८० पैकी ८ प्रश्न इकडचे तिकडे झाले. दोन धडे कच्चे असले तरी एवढं होतं. एका टेस्टवरून काहीच ठरत नाही. चार-पाच टेस्टचे आकडे एकाखाली एक लिहा आणि तीन रकाने करा: बरोबर, चूक, सोडलेले. चुका वाढत असतील तर मूल घाबरून अंदाजानं गोळे काळे करतंय. सोडलेले वाढत असतील तर वेळ पुरत नाहीये किंवा आत्मविश्वास गेलाय. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि ‘अजून मेहनत कर’ हा दोन्हींवरचा उपाय नव्हे.

मागच्या वर्षीच्या मार्कांशी तुलना करण्यातही अर्थ नाही. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित निकालात ते १७ वर आले. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याचे गुण होते ६८६. पेपर बदलला की सगळी फूटपट्टीच बदलते.

झोप आणि पेपरमधली घालमेल

मार्क घसरले की मुलं पहिल्यांदा झोप कापतात. मग वाचलेलं लक्षात राहत नाही, मार्क आणखी घसरतात. सात तास झोप हवीच. पेपर दुपारी २ वाजता सुरू होतो, त्यामुळे रात्रभर जागून दुपारी झोपायची सवय मार्चपर्यंत मोडलेली बरी.

हॉलमध्ये छाती धडधडून डोकं रिकामं झालं तर पेन खाली ठेवायचं. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं दहा वेळा. दोन मिनिटंही लागत नाहीत. मात्र हे सराव टेस्टमध्ये करून बघितलेलं असेल तरच ऐनवेळी सुचतं.

क्लासला विचारायच्या गोष्टी

कोचिंग क्लाससाठीच्या केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याला एक सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको. पूर्ण फी भरून मूल मध्येच बाहेर पडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असंही त्यांत आहे. हे प्रवेश घेतानाच लेखी विचारा, कारण ‘आता फी गेली, कसं सोडू?’ म्हणून कित्येक मुलं आतल्या आत कुढत वर्ष काढतात. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. मार्कांवरून बॅचा पाडणं टाळावं, असंही म्हटलं आहे. समुपदेशक कोण, कधी भेटतो, एवढं तरी माहीत करून घ्या.

दुसरी वाट कागदावर

दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी आलं की बसून लिहा: एमबीबीएस नाही मिळालं तर काय. नीटच्याच गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आहे. फार्मसी आणि कृषीसाठी सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म वेगळा भरावा लागतो. ‘नीटचं होईलच’ म्हणून तो राहून जातो आणि मग जूनमध्ये हातात खरंच काही उरत नाही.

डॉक्टर कधी गाठायचा

उदासपणा, कशातच रस नसणं, झोप किंवा भूक बिघडणं, सतत ‘मी बिनकामाचा’ असं बोलणं, हे दोन आठवडे जवळजवळ रोज दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या. मेसच्या जेवणावर वर्ष काढणाऱ्यांचा थकवा कधी कधी तिथून येतो. औषध सुरू झालं तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करायचं नाही. सुरुवातीला अस्वस्थता वाढलेली दिसली तर डॉक्टरांना लगेच कळवा.

जिवाबद्दल शंका आली तर सरळ विचारा: ‘मरून जावंसं वाटतं का?’ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल बोलतं होतं. उत्तर ‘हो’ असेल तर वॉर्डनला सांगा की एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी निघा. शेतीचं घर असेल तर मूल घरी यायच्या आत फवारणीची औषधं कुलपात घाला किंवा शेजाऱ्याकडे ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, २४ तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं.

निकालाचे दिवस

निकालाच्या आधीच उत्तरतालिका आणि ओएमआरची (गोळे काळे केलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रत येते, त्यामुळे मार्क मुलाला तेव्हाच कळलेले असतात. म्हणून परीक्षा झाली की होस्टेलची खोली सोडा आणि त्याला घरी आणा. त्या दिवसांत कुणीतरी मोठं माणूस घरात राहील असं बघा. नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या. काय सांगायचं ते मुलाला विचारून आधीच ठरवा आणि सगळ्यांना तेवढंच सांगा: ‘प्रवेश नक्की झाला की कळवतो.’