बुद्धिमत्ता चाचणीतील तर्क व आकलनाच्या प्रश्नांचा सराव कसा करावा

तलाठी भरती असो, पोलीस शिपाई पदाची लेखी परीक्षा असो की बँकेतील लिपिकपदाची पूर्वपरीक्षा, बुद्धिमत्ता चाचणी कोणत्याच उमेदवाराला चुकलेली नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत दोन तासांत १०० प्रश्न सोडवायचे होते आणि चार घटकांना प्रत्येकी २५ प्रश्न होते. पोलीस शिपाई पदाच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेला ९० मिनिटे मिळतात. बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या लिपिक पूर्वपरीक्षेत तर्कक्षमतेच्या ३५ प्रश्नांसाठी स्वतंत्र २० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम ३४ सेकंद येतात. हे आकडे पाहून उमेदवार पहिल्या दिवसापासूनच घड्याळ लावून बसतो आणि बहुतेकांचा सराव तिथेच बिघडतो. या भागातील चुका गणिताच्या कमी आणि वाचनाच्या जास्त असतात. घाईने वाचण्याची सवय एकदा अंगवळणी पडली की पुढे कितीही प्रश्न सोडवले तरी ती सुटत नाही. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे वेळ न मोजता, प्रत्येक उत्तराचे कारण कागदावर लिहून सराव करावा, आणि वेगाचा विचार त्यानंतर करावा.

साहित्य म्हणून आपण जी परीक्षा देणार आहोत तिच्याच मागील प्रश्नपत्रिका आधी घ्याव्यात. बाजारातील जाडजूड पुस्तकांत सगळ्या परीक्षांचे प्रश्न एकत्र कोंबलेले असतात, त्यामुळे पोलीस भरतीचा उमेदवार बँकेच्या मुख्य परीक्षेच्या कोड्यांत महिनाभर अडकून पडतो. जुन्या प्रश्नपत्रिकांतील प्रश्न प्रकारानुसार वेगळे केले की त्यांचे दोन गट सहज दिसतात. अक्षरमाला, सांकेतिक भाषा, दिशा, दिनदर्शिका हे प्रश्न ठरावीक नियमांवर चालतात. विधाने व निष्कर्ष, गृहीतके, उताऱ्यावरील आकलन आणि बैठक व्यवस्था यांत मात्र नियमांपेक्षा वाक्य नेमके वाचणे महत्त्वाचे असते. पहिल्या गटाचा सराव रोज थोडा थोडा करावा; दुसऱ्या गटासाठी सलग निवांत वेळ काढावा.

पहिल्या गटासाठी काही गोष्टी तोंडपाठ हव्यात. इंग्रजी वर्णमालेतील ई, जे, ओ, टी, वाय ही अक्षरे अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ व्या स्थानी येतात, हे लक्षात असले की मधल्या कोणत्याही अक्षराचा क्रमांक बोटे न मोजता सांगता येतो. परस्परविरुद्ध अक्षरांच्या, म्हणजे ए-झेड, बी-वाय अशा जोड्यांच्या, क्रमांकांची बेरीज नेहमी २७ असते. दिशेच्या प्रश्नात आकृती काढावीच, आणि सावली विचारली असेल तर सकाळी ती पश्चिमेकडे व संध्याकाळी पूर्वेकडे पडते एवढे पुरे.

दिनदर्शिकेच्या प्रश्नात मात्र नियम पाठ असूनही माणसे चुकतात. १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली त्या दिवशी, रविवार होता. मग १ मे १९७० रोजी कोणता वार असेल? साध्या वर्षात वार एकाने पुढे सरकतो आणि लीप वर्षात दोनांनी, हे सर्वांना ठाऊक असते. १९६०, १९६४ आणि १९६८ ही तीन लीप वर्षे मोजून अनेक जण १० अधिक ३ असे १३ दिवस धरतात व शनिवार हे उत्तर देतात. पण मोजणी १ मे १९६० पासून सुरू होते आणि त्या वर्षाची २९ फेब्रुवारी तोवर होऊन गेलेली असते. त्यामुळे जादा दिवस दोनच धरावे लागतात. एकूण १२ दिवसांना ७ ने भागले की ५ उरतात आणि रविवारपासून पाच वार पुढे गेल्यावर शुक्रवार येतो. लीप वर्ष मोजण्याऐवजी ‘मधे किती वेळा २९ फेब्रुवारी आली’ असा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावली, तर ही चूक होत नाही.

नातेसंबंधांच्या प्रश्नांत ‘अ हा ब चा भाऊ आहे’ या वाक्यातून अ पुरुष आहे एवढेच कळते; ब भाऊ आहे की बहीण, याबद्दल वाक्यात एक अक्षरही नाही. वंशावळीची आकृती काढताना पुरुषासाठी अधिक व स्त्रीसाठी वजा चिन्ह वापरण्याची पद्धत सोयीची आहे. त्यात एक भर घालावी: ज्याचे लिंग दिलेले नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. पर्यायांत ‘काका’ आणि ‘आत्या’ दोन्ही दिसले व आकृतीत प्रश्नचिन्ह शिल्लक असले, तर ‘निश्चित सांगता येत नाही’ हा पर्याय आहे का, ते आधी पाहावे.

आता विधाने व निष्कर्ष. सरावाचा सर्वाधिक वेळ या प्रकाराला द्यावा असे माझे मत आहे, कारण इथे लागलेली शिस्त बाकी सगळ्या प्रकारांत कामी येते. पुढील उदाहरण घ्या. विधाने अशी: सर्व तलाठी कर्मचारी आहेत. काही कर्मचारी पदवीधर आहेत. निष्कर्ष असे: पहिला, काही तलाठी पदवीधर आहेत, दुसरा, काही कर्मचारी तलाठी आहेत, तिसरा, एकही तलाठी पदवीधर नाही. तलाठी भरतीला पदवी लागते हे उमेदवाराला माहीत असते, त्याने स्वतः तो अर्ज भरलेला असतो, आणि म्हणून तो पहिला निष्कर्ष डोळे झाकून बरोबर ठरवतो. विधानांत मात्र पदवीधर कर्मचारी नेमके कोणते, हे सांगितलेले नाही. ते सगळे तलाठ्यांच्या वर्तुळाबाहेरचे असू शकतात.

हे तपासण्यासाठी वर्तुळे काढताना एका आकृतीवर थांबू नये. तलाठ्यांचे वर्तुळ कर्मचाऱ्यांच्या वर्तुळात पूर्णपणे बसवावे. मग पदवीधरांचे वर्तुळ एकदा तलाठ्यांना स्पर्श न करता कर्मचाऱ्यांना छेदेल असे काढावे आणि एकदा तलाठ्यांनाही छेदेल असे काढावे. दोन्ही आकृत्या दिलेल्या विधानांशी सुसंगत आहेत. जो निष्कर्ष दोन्हींत टिकतो तोच निघतो. एकीत टिकून दुसरीत मोडणारा निष्कर्ष निघत नाही. या कसोटीवर दुसरा निष्कर्ष टिकतो. पहिला आणि तिसरा स्वतंत्रपणे टिकत नाहीत, पण कोणतीही आकृती काढली तरी त्या दोघांपैकी एक खरा असतोच, कारण ‘काही आहेत’ आणि ‘एकही नाही’ या परस्परपूरक जोडीत तिसरी शक्यता उरत नाही. म्हणून ‘पहिला किंवा तिसरा, आणि दुसरा’ हे उत्तर येते. ‘किंवा’चे उत्तर देण्यापूर्वी दोन्ही निष्कर्षांतील पदे तीच आहेत आणि दोन्ही एकेकटे अनिर्णित आहेत, याची खात्री करून घ्यावी. बँकांच्या परीक्षांत ‘फक्त काही अ हे ब आहेत’ अशी रचनाही येते. तिचा अर्थ काही अ हे ब आहेत आणि काही अ हे ब नाहीत असा दुहेरी घ्यायचा असतो. नुसत्या ‘काही’मध्ये मात्र ‘सर्व’ची शक्यता शिल्लक असते.

गृहीतकांच्या प्रश्नांसाठी नकाराची कसोटी वापरावी. समजा विधान असे आहे: ‘पाणीपट्टी मुदतीत भरणाऱ्यांना ग्रामपंचायतीने ५ टक्के सवलत जाहीर केली.’ पहिले गृहीतक म्हणते की सवलतीमुळे काही ग्रामस्थ मुदतीत पैसे भरतील. ते उलटवून पाहावे: सवलत देऊनही एकही माणूस मुदतीत पैसे भरणार नाही. तसे असेल तर सवलत जाहीर करण्यात काही अर्थच राहत नाही, म्हणजे गृहीतक विधानात अनुस्यूत आहे. दुसरे गृहीतक म्हणते की गावातील बहुतेक लोक पाणीपट्टी भरतच नाहीत. हे उलटवले, म्हणजे बहुतेक लोक भरतात असे मानले, तरी निर्णय तसाच उभा राहतो. एरवी उशिरा भरणाऱ्यांनी वेळेत भरावे यासाठीही सवलत असू शकते. म्हणून हे गृहीतक त्यात नाही. आपल्या गावचा अनुभव काय सांगतो, याचा इथे काडीचाही संबंध नाही.

शाब्दिक आकलनात, विशेषतः खासगी कंपन्यांच्या ऑनलाइन चाचण्यांत, उताऱ्याखालील विधान ‘सत्य’, ‘असत्य’ की ‘सांगता येत नाही’ हे ठरवायचे असते. उतारा असा असू शकतो: ‘तालुक्यात गेल्या वर्षी ठिबक सिंचनाखालील क्षेत्र वाढले. त्याच वर्षी उसाचे उत्पादनही वाढले. कृषी सहायकांच्या मते पाण्याची बचत झाल्याने काही शेतकऱ्यांनी दुसरे पीकही घेतले.’ त्याखाली विधान येते: ‘ठिबक सिंचनामुळे उसाचे उत्पादन वाढले.’ शेतीची माहिती असलेला माणूस लगेच ‘सत्य’वर टिचकी मारेल, पण उताऱ्यात दोन घटना एकाच वर्षी घडल्या एवढेच आहे, एकीमुळे दुसरी घडली असे कुठेही म्हटलेले नाही. उत्तर ‘सांगता येत नाही’. त्याचप्रमाणे शेतकऱ्यांनी दुसरे पीक घेतल्याचा उल्लेख कृषी सहायकांचे मत म्हणून आला आहे, उताऱ्याच्या लेखकाने तो स्वतःच्या जबाबदारीवर केलेला नाही. ‘मुळे’, ‘म्हणून’, ‘केवळ’, ‘बहुतेक’, ‘च्या मते’ हे शब्द सरावाच्या काळात पेन्सिलीने अधोरेखित करावेत. संगणकावरील परीक्षेत ते करता येत नाही, पण तोवर डोळा आपोआप तिथे थांबू लागतो. सरावासाठी वेगळे उतारेच हवेत असेही नाही. दैनिकातील अग्रलेखाचा एक परिच्छेद घेऊन त्याखाली स्वतः तीन विधाने तयार करावीत, एक प्रत्येक प्रकाराचे. ‘सांगता येत नाही’ प्रकारचे चांगले विधान बनवणे किती अवघड आहे, हे एकदा करून पाहिले की प्रश्न काढणाऱ्याची चाल लक्षात येऊ लागते.

बैठक व्यवस्थेच्या प्रश्नांत पहिले काम म्हणजे डावे-उजवे ठरवणे. ‘अनिल हा सुनीलच्या डावीकडे दुसरा आहे’ या वाक्यात डावी बाजू सुनीलची मोजायची; ‘अनिलच्या डावीकडे दुसरा सुनील आहे’ यात अनिलची. उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या रांगेत त्यांची आणि कागदाची डावी बाजू एकच असते, दक्षिणेकडे तोंड असल्यास उलट होते. गोल टेबलाभोवती केंद्राकडे तोंड असेल तर डावीकडे जाणे म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणे. सर्वांत ठाम माहितीपासून सुरुवात करावी, दोन शक्यता निघाल्या तर खोडाखोड न करता शेजारीशेजारी दोन आकृत्या काढाव्यात आणि ‘शेजारी नाही’ यांसारख्या नकारात्मक अटी शेवटी एक आकृती बाद करण्यासाठी वापराव्यात.

या सगळ्यासोबत चुकांची वही ठेवावी. तिच्यात प्रश्न, आपण दिलेले उत्तर, ते देताना केलेला विचार आणि चुकीचे कारण लिहावे. कारणे तीनच प्रकारची मानावीत: वाक्य चुकीचे वाचले, पद्धत माहीत नव्हती, किंवा वेळेच्या धास्तीने अंदाज मारला. ‘सिली मिस्टेक’ असा शेरा या वहीत चालू देऊ नये, कारण त्यातून पुढे काय करायचे ते कळत नाही. चुकलेला प्रश्न आठवड्याभराने उत्तर न पाहता पुन्हा सोडवावा. यूट्यूबवरील पाच सेकंदांच्या ‘ट्रिक’ याच वहीच्या कसोटीवर तपासाव्यात. अक्षरमालेसाठी त्यांतील काही खरोखर उपयोगी असतात, विधाने व निष्कर्षांसाठी क्वचितच.

एका प्रकारातील दहापैकी आठ-नऊ उत्तरे कारणांसह बरोबर येऊ लागली की घड्याळ लावावे आणि मग सर्व प्रकार मिसळून सराव चाचण्या द्याव्यात. चाचणीला एक तास लागला असेल तर तिच्या विश्लेषणाला किमान तेवढाच वेळ राखून ठेवावा. मोठ्या कोड्यांपूर्वी सुटे प्रश्न संपवावेत, आणि एखाद्या कोड्याची आकृती दोन-तीन मिनिटांत आकाराला आली नाही तर ते सोडून पुढे जावे.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, हे त्या परीक्षेच्या गुणपद्धतीवर ठरते. पोलीस शिपाई व २०२३ च्या तलाठी परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले गेले नाहीत. अशा परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडू नये. आयबीपीएसच्या परीक्षेत पाच पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. तिथे आंधळ्या अंदाजाचा हिशेब सरासरीने बरोबर शून्य येतो, मात्र एक पर्याय खात्रीने बाद करता आला तरी तो किंचित फायद्यात जातो. कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल या पदवीधर स्तरावरील परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात चार पर्याय, बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकीला अर्धा गुण वजा, त्यामुळे तिथे आंधळा अंदाजही थोडासा फायद्याचा ठरतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चार पर्याय आणि एक तृतीयांश कपात असल्याने हिशेब पुन्हा शून्यावर येतो. हे नियम जाहिरातीगणिक बदलू शकतात, म्हणून आपल्या परीक्षेच्या जाहिरातीतील कपातीचे कलम वाचून हा हिशेब सराव चाचण्या सुरू करण्यापूर्वीच मांडून ठेवावा आणि प्रत्येक चाचणीत त्याच नियमाने गुण द्यावेत.