अर्पणपत्रिकेतली माणसं शोधताना : कॉर्नेलमधल्या गुलामगिरीविरोधी पुस्तिका कशा वाचाव्यात

दरवर्षी नववीच्या वर्गात मी 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका वाचून दाखवते. फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच सातारा जिल्ह्यातलं. गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना जोतीरावांनी १८७३ साली ते पुस्तक अर्पण केलं. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, ती माणसं कोण? नावं सांगा ना." लिंकनच्या पुढे मला एकही नाव सांगता आलं नाही. त्या प्रश्नामुळे मी सॅम्युएल मे यांनी जमवलेल्या गुलामगिरीविरोधी पुस्तिकांच्या संग्रहापर्यंत पोचले. घरबसल्या, मोबाइलवर आणि फुकट वाचता येणाऱ्या या संग्रहात शिरायचं कसं, ते इथे लिहिते आहे.

सॅम्युएल जोसेफ मे हे अमेरिकेतले, युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. १८३३च्या डिसेंबरात फिलाडेल्फियात अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी ही गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन झाली, तेव्हा ते तिथे हजर होते. चळवळीत हातोहात फिरणारं छापील साहित्य त्यांनी जपून ठेवलं आणि १८७० साली अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठाला दिलं. पुढे इतर कार्यकर्त्यांनी आपापल्या घरातल्या चोपड्यांची त्यात भर घातली. आज संग्रहात दहा हजारांहून जास्त पुस्तिका आणि पत्रकं आहेत. त्यांत प्रवचनं, भाषणं, संस्थांचे वार्षिक अहवाल, कविता असं सगळं येतं. कॉर्नेलच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मे यांचं नाव आणि 'अँटी-स्लेव्हरी कलेक्शन' हे शब्द रोमन लिपीत टाका, संग्रह उघडेल.

उघडल्यावर शोधाच्या चौकटीत नुसतं 'स्लेव्हरी' टाकू नका. जवळजवळ सगळा संग्रहच समोर येईल. माणसाचं, गावाचं नाव टाका, नाहीतर साल. आणि एखादी पुस्तिका उघडली की लगेच मजकुरात शिरू नका. मलपृष्ठ, शीर्षकपानाचा तळ, शेवटची दोन पानं आधी बघा. छापखाना कुठला, किंमत किती, कितवी आवृत्ती, हे तिथे कळतं. 'अँटी-स्लेव्हरी एक्झामिनर' या मालिकेच्या अंकांवर तर किती कागद लागले आणि शंभर मैलांच्या आत व बाहेर टपाल किती पडेल, हेसुद्धा छापलेलं असे. मला ती ओळ फार मोलाची वाटते. कुणीतरी कुणालातरी पाठवायचं म्हणूनच ते छापलेलं होतं, हे त्या ओळीवरून समजतं.

पाठवण्यात धोका होता. १८३५च्या उन्हाळ्यात सोसायटीने, गुलामगिरी चालू असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत टपालाने पत्रकांचे गठ्ठे पाठवले. २९ जुलैच्या रात्री चार्ल्सटनमध्ये जमावाने टपालकचेरी फोडून ते पळवले आणि दुसऱ्या रात्री भर गावात त्यांची होळी केली. पुढच्याच वर्षी याच चार्ल्सटनमधल्या गुलाममालक न्यायाधीशाच्या मुलीने, अँजेलिना ग्रिमकेने, दक्षिणेतल्या ख्रिस्ती स्त्रियांना उद्देशून एक आवाहन लिहिलं. तेही जाळलं गेलं. मुलगी परत आली तर तिला गावात पाऊल ठेवू देणार नाही, असा निरोप तिच्या आईला मिळाला. सुरुवात करायची असेल तर मी हेच आवाहन सुचवेन. भाषा सरळ आहे आणि बाई थेट बायकांशी बोलते.

वार्षिक अहवाल कंटाळवाणे म्हणून सोडू नका. शेवटी खजिनदाराचा हिशेब असतो. वर्गणीदारांची नावं, गावं, डॉलर-सेंट, चळवळीसाठी भरवलेल्या जत्रेत विकलेल्या वस्तूंचं उत्पन्न. माझ्या विद्यार्थिनीने मागितलेली नावं बहुतेक या यादीत आहेत, आणि त्यांत बायका खूप आहेत.

एक तांत्रिक गोष्ट. १८०० च्या आधीच्या इंग्रजी छपाईत 'एस' हे अक्षर पुष्कळदा लांब काढलेलं असतं आणि संगणक त्याला 'एफ' समजतो. त्यामुळे 'स्लेव्ह' शोधून काही मिळालं नाही, तर पहिलं अक्षर बदलून 'फ्लेव्ह' टाका. 'शुगर'चंही तसंच. हे साखरेचं मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे उसाशिवाय विषय नाही. १७९१ साली लंडनमध्ये विल्यम फॉक्स यांनी वेस्ट इंडीजची, गुलामांच्या श्रमातून निघणारी साखर खाऊ नका असं सांगणारी पुस्तिका काढली. त्यांचा हिशेब असा, की आठवड्याला पाच पौंड साखर खाणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती सोडली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळेल. हा हिशेब मी फळ्यावर मांडते तेव्हा वर्ग चिडीचूप होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वहीत दोन रकाने आखा. एकात गुलामांविषयी बोलणारे, दुसऱ्यात स्वतः कृष्णवर्णीय असलेले लेखक. पहिला रकाना आपोआप भरत जाईल, दुसऱ्यासाठी नावं घेऊन शोधावं लागेल. बॉस्टनमध्ये जुन्या कपड्यांचं दुकान चालवणारे डेव्हिड वॉकर : त्यांचं १८२९ सालचं आवाहन खलाशांच्या हातून दक्षिणेत पोचलं. गुलामीतून निसटलेले विल्यम वेल्स ब्राउन. ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरमध्ये भाषण करणारे फ्रेडरिक डग्लस, ज्यांनी तुमचा स्वातंत्र्यदिन गुलामाला काय होय, असं तोंडावर विचारलं. हा रकाना रिकामा ठेवून वाचलंत, तर सदाचारी लोक म्हणजे फक्त गोरे पाद्री, असा समज होईल. माझा वर्षभर तसाच झाला होता.

उतारा घेताना शीर्षक, साल, छापखाना आणि पान क्रमांक लगेच लिहा. एकाच पुस्तिकेच्या आवृत्त्यांत पानं बदलतात. जुन्या मजकुरातले अपमानकारक शब्द अवतरणात तसेच राहू द्या, पण आपल्या वाक्यात 'गुलामीत ठेवलेली माणसं' असं लिहा. आणि जोतीरावांशी जोडणी अर्पणपत्रिकेपुरतीच ठेवा. अमुक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती, असं पुराव्याशिवाय मुलांना सांगू नका.

मे यांची स्वतःची ओळख हवी असेल तर १८६९ साली आलेल्या त्यांच्या आठवणी वाचा. प्रुडन्स क्रँडल या शिक्षिकेने कनेक्टिकटमध्ये कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढली आणि गाव तिच्यावर उठलं, तेव्हा मे तिच्या बाजूने उभे राहिले. ती हकिगत त्यांत आहे. पुढच्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आम्ही ती वर्गात वाचणार आहोत.