घरच्या मैदानावर हरल्यावर पोरांना घेऊन परत कसं यायचं

मी नाशिकरोडला, जेलरोडवर राहतो. सातपूरच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो आणि रविवारी सकाळी कॉलनीतल्या पंधरा-सोळा पोरांना फुटबॉल शिकवतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला तेरा वर्षांच्या भाचीला घेऊन मडगावला गेलो होतो. फातोर्ड्याच्या मैदानावर भारत–सिंगापूर, आशियाई चषकाची पात्रता फेरी. मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडहून थेट मडगावला जाते, त्यामुळे जाणं सोपं होतं. परत येणं जड गेलं. १४व्या मिनिटाला आपल्या छांगतेने लांबून गोल मारला तेव्हा पोरगी खुर्चीवर चढून ओरडत होती. ४४व्या मिनिटाला सिंगापूरच्या सोंग उइ-यंगने बरोबरी साधली, ५८व्याला दुसराही त्यानेच मारला. १-२. त्या रात्रीपासून पुढच्या रविवारपर्यंत आम्हाला जे उपयोगी पडलं ते लिहितो.

शेवटची शिट्टी झाली की लगेच उठू नका. गर्दी निघून जाऊ द्या, खेळाडू आत जाईपर्यंत पोराला बसू द्या. आणि त्या दहा मिनिटांत तोंड सांभाळा. मी नाही सांभाळलं. एका बचावपटूचं नाव घेऊन मी वाट्टेल ते बोललो, आजूबाजूचेही बोलत होतेच. भाचीने विचारलं, "मामा, मग त्याच्या जागी तू कुणाला खेळवलं असतंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे: पर्याय सांगता येत नसेल तर खेळाडूचं नाव घ्यायचं नाही. १९५० च्या विश्वचषकात १६ जुलैला रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझील उरुग्वेकडून १-२ असाच घरात हरला होता. त्याचा सगळा दोष लोकांनी बार्बोसा या गोलरक्षकावर टाकला. तो २००० साली वारला, तोवर ते ओझं त्याच्या डोक्यावरून कुणी उतरवलं नाही. पोरांना ही गोष्ट जरूर सांगा, पण त्या रात्री नको.

त्या रात्री आधी खायला घाला. आम्ही गाड्यावर रोस ऑम्लेट आणि पाव खाल्ला. रडायला आलं तर रडू द्या, आणि "अगं, खेळच आहे" असं चुकूनही म्हणू नका. तिच्यासाठी तो फक्त खेळ असता तर ती एवढ्या लांब आलीच नसती. मोबाईल पिशवीत. ग्रुपवर काय लिहायचं ते सकाळी.

परतीच्या गाडीत मात्र कागद-पेन्सिल काढा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त आधार याचाच झाला. पोराला नुसतं "आपण हरलो" एवढंच कळलेलं असतं. नेमकं काय गेलं आणि कधीपासून जात होतं, हे कागदावर दिसलं की छातीवरचा दगड थोडा हलतो. आम्ही गटाचा हिशोब मांडला. गटात चार संघ, पहिला येईल तोच २०२७ ला सौदी अरेबियात आशियाई चषक खेळणार. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०. जूनमध्ये हाँगकाँगला जाऊन ०-१, तोही जादा वेळेतल्या पेनल्टीवर. ९ ऑक्टोबरला सिंगापुरात १-१, रहीम अलीने अगदी शेवटी बरोबरी साधली म्हणून. मग फातोर्डा. चार सामने, दोन गुण. भाची कागदाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे काल नाही झालं." तिला जे दोन वाक्यांत समजावणं मला जमलं नसतं, ते तिचं तिलाच दिसलं.

सामना पुन्हा बघायचा तर दोन दिवस जाऊ द्या. गोल बघायचा आणि वीस सेकंद मागे जायचं. गोल मारणाऱ्याकडे बघायचं नाही, चेंडूकडेही नाही. मोकळी जागा कुठे पडली आणि ती भरायला कोण धावत होतं, एवढंच बघायचं. मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात, कारण त्यांना कुणाला दोषी धरायची घाई नसते. वहीत मिनिटं लिहायला लावा. दोन्ही सामन्यांची मिनिटं शेजारी शेजारी लिहिल्यावर भाचीला एक गोष्ट सापडली, जी मला स्टेडियममध्ये बसून दिसली नव्हती. सिंगापुरातल्या सामन्यात त्यांच्या इखसान फंदीचा गोल मध्यांतरापूर्वीच्या जादा वेळेत, आणि मध्यांतरानंतर दोनच मिनिटांत, ४७व्याला, आपला बचावपटू झिंगन याला लाल कार्ड. त्यामुळेच तो मडगावला खेळू शकला नाही. मडगावला बरोबरीचा गोल ४४व्याला, दुसरा विश्रांतीनंतर तेरा मिनिटांत. "मामा, आपण सुट्टी व्हायच्या आधीच सुट्टीवर जातो का?" त्या दोन सामन्यांपुरतं तरी मला तिचं म्हणणं पटतं.

घरी आल्यावर एक अडचण असते, तिची तयारी ठेवा. पोरं कशातच मन घालत नाहीत. आमच्याकडे दिवाळी तोंडावर होती. किल्ल्यासाठी माती आणून ठेवली होती, मावळे पेटीतून काढले होते, पण ती फिरकली नाही. बहीण म्हणाली, "दादा, तू सांग तिला." मी सांगितलं नाही. माती भिजवून ठेवली आणि गप्प राहिलो. वसुबारसेला संध्याकाळी तिने आपणहून हात घातला. मन लागेपर्यंतचे ते दोन-तीन दिवस मुलांचे असतात, त्यात आपण शिरू नये.

आणि पुढचा रविवार चुकवू नका. सुट्टी आहे, फराळ आहे, काहीही असो, पोरांना मैदानावर न्या. आम्ही वीस-वीस मिनिटांचे दोन डाव खेळतो. त्या रविवारी आम्ही फक्त एकाच गोष्टीचा सराव केला: पहिल्या डावाची शेवटची पाच मिनिटं आणि दुसऱ्याची पहिली पाच. त्या वेळात चेंडू आपल्या गोलसमोरून आडवा द्यायचा नाही, फेकीला उशीर झाला तरी चालेल, दोघं जण कायम मागे. पोरं दमली, दोनदा भांडली, पण त्या दहा मिनिटांत कुणी गोल खाल्ला नाही.

आता मध्यांतर जवळ आलं की भाची पाठीमागून ओरडते, "चव्वेचाळीस!" आणि पुढे गेलेले दोघं धावत मागे येतात.